मासळीबाजाराची दोन घड्याळे

कापडाचे दुकान सकाळी दहाला उघडले म्हणून कोणी कुरकुर करीत नाही. मासळीबाजार मात्र दहाला उघडून चालत नाही. तो पहाटेच भरावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी पाण्याच्या काठीच भरतो. असे का? "मासे ताजे मिळावेत म्हणून", असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. ते बरोबर आहे, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे शोधण्यासाठी आज आपण कल्पनेने एका जुन्या बाजारात फेरफटका मारू या. हा बाजार आहे जर्मनीतील हँबर्ग शहरात, एल्ब नदीच्या उत्तर काठावर. बरोबर वही-पेन्सिल घ्या. थोडी आकडेमोड करावी लागणार आहे.

रविवारची पहाट

महिना जूनचा, वार रविवार. पहाटेचे पाच वाजले आहेत. (आपल्याकडे त्या वेळी सकाळचे साडेआठ झालेले असतात.) हँबर्ग शहर सुमारे ५३½ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनमध्ये तेथे पाचच्या आतच सूर्य उगवतो. डिसेंबरात मात्र तो साडेआठच्या सुमारास दर्शन देतो. म्हणून हिवाळ्यात हा बाजार सातला सुरू होतो, आणि तोही दिव्यांच्या उजेडात. सुरुवात केव्हाही होवो, शेवटची वेळ मात्र ठरलेली आहे: साडेनऊ!

नदीकाठच्या फरसबंद रस्त्यावर विक्रेत्यांच्या गाड्या ओळीने उभ्या आहेत. धुरावलेल्या वामींचा वास सुटला आहे. आपल्या तारलीच्या कुळातला हेरिंग मासा पावात घालून लोक उभ्याउभ्याच खात आहेत. फळांच्या टोपल्या, फुलझाडांच्या कुंड्या असे सारे काही विकायला आले आहे. गाडीवर चढलेला एक विक्रेता घसा फोडून ओरडतो आहे. तो पिशवीत एक मासा टाकतो, मग दुसरा, मग तिसरा, पण किंमत मात्र तीच ठेवतो! पलीकडे विटा, लोखंड आणि काच यांनी बांधलेली भव्य इमारत दिसते. तिचे नाव मासळी-लिलावगृह. १८९६ साली ती उघडली. आज तिच्यात लिलाव होत नाहीत. रविवारी सकाळी तेथे गाणेबजावणे चालते. बाजारातली बरीचशी मासळीही आता होडीने नव्हे, ट्रकने येते.

मग वेळ अजून पहाटेचीच का? कारण ती ठरली तेव्हा ना ट्रक होते, ना बर्फाचे कारखाने. त्या वेळी हा बाजार दोन घड्याळांवर चालत असे. त्यांपैकी एकही भिंतीवर टांगलेले नव्हते.

पहिले घड्याळ: उष्णतेचे

अठराव्या शतकाच्या आरंभी हा भाग हँबर्गमध्ये नव्हता. तो आल्टोना नावाच्या शेजारच्या गावात होता आणि आल्टोनावर डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. (आल्टोना हँबर्गला जोडले गेले ते १९३७ साली.) रविवार हा प्रार्थनेचा दिवस, म्हणून त्या दिवशी व्यापार बंद. पण शनिवारी रात्री पकडलेली मासळी सोमवारपर्यंत कशी टिकावी? तेव्हा १७०३ साली मासेविक्रीला सवलत देण्यात आली: रविवारी विका, पण चर्चमधील प्रार्थनेच्या आधी. त्या सवलतीची खूण आजही साडेनऊच्या घंटेत उरली आहे.

आता प्रश्न असा, की मांसापेक्षा मासा इतक्या लवकर का नासतो? त्याचे एक मोठे कारण तापमानाशी निगडित आहे. गाय, शेळी हे उष्ण रक्ताचे प्राणी. त्यांच्या शरीरातील विकरे आणि त्यांच्यावर वाढणारे जीवाणू साधारण ३७ अंश सेल्सिअसला जोमाने काम करतात. थंडीत ते मंदावतात. पण उत्तर समुद्रातील मासा आयुष्यभर पाच-दहा अंशांच्या पाण्यात राहिलेला असतो. त्याच्या अंगावरील जीवाणूंना थंडीची सवयच असते. ज्या गारव्यात मांस निवांत राहते, त्या गारव्यात या जीवाणूंचे काम जोरात चालू असते.

थंड समुद्रातील माशांवर प्रयोग करून शास्त्रज्ञांनी एक सोपे सूत्र बसवले आहे. शून्य अंशाला मासा नासण्याचा जो वेग असतो, तो १ मानला, तर

नासण्याचा वेग = (१ + ०.१ × तापमान)²

तापमान सेल्सिअस अंशांत घ्यायचे. आता गणित करा. ५ अंशांना वेग येतो १.५ चा वर्ग, म्हणजे २.२५. आणि १० अंशांना येतो २ चा वर्ग, म्हणजे ४. बर्फात बारा दिवस टिकणारा मासा दहा अंशांना केवळ तीन दिवस टिकेल! हे सूत्र थंड पाण्यातील माशांचे आणि कमी तापमानाचे आहे. ते तीस-पस्तीस अंशांपर्यंत ताणू नये. तरीही दहा अंश म्हणजे "पुष्कळच थंड" हा आपला समज मासळीच्या बाबतीत फसवा आहे, हे त्यावरून नक्की कळते.

बर्फाचे कारखाने नव्हते तेव्हा एल्बवरचे कोळी या घड्याळाला कसे थोपवीत? त्यांच्या होड्यांच्या मध्यभागी एक कप्पा असे आणि त्याच्या तळाला छिद्रे असत. त्यांतून नदीचे पाणी आत-बाहेर खेळत राही आणि मासे जिवंतच बाजारात पोहोचत. मग होडी बुडत कशी नसे? कारण हा कप्पा दोन्ही बाजूंनी जलाभेद्य फळ्यांनी बंद केलेला असे. होडीच्या उरलेल्या भागात हवाच राही आणि तेवढ्या भागाने बाजूला सारलेले पाणी होडीला तोलून धरी. आर्किमिडीजचा सिद्धान्त पाठ न करता वापरला जात होता तो असा.

पुढे बर्फ आला. बर्फाची मातब्बरी केवळ तो थंड असतो यात नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो आणि तरीही शून्य अंशावरच राहतो. ही झाली त्याची अप्रकट उष्मा. समजा, १० किलो मासे २८ अंशांवरून शून्यावर आणायचे आहेत. माशाची विशिष्ट उष्मा ०.८५ धरू. मग काढून घ्यावी लागणारी उष्णता होईल १०,००० × ०.८५ × २८, म्हणजे २,३८,००० कॅलरी. तिला ८० ने भागा: जवळजवळ ३ किलो बर्फ! आणि हेच मासे ८ अंशांच्या पाण्यातले असते, तर? ८५० ग्रॅम बर्फ पुरला असता.

म्हणजे आपल्या कोकणातल्या मच्छीमाराला मासे नुसते गार करण्यासाठीच उत्तर समुद्रातल्या मच्छीमाराच्या साडेतीनपट बर्फ लागतो. ते थंड ठेवायला लागणारा बर्फ निराळाच. पण याची दुसरी बाजूही आहे. उष्ण पाण्यातल्या माशांवरील जीवाणू उष्णतेला सरावलेले असतात. बर्फात टाकताच ते पार गारठतात. म्हणून उष्ण कटिबंधातील पुष्कळसे मासे बर्फात थंड समुद्रातील माशांपेक्षा अधिक दिवस टिकतात, असे आढळून आले आहे. बर्फाचा खर्च आपल्याला जास्त, पण त्याचा लाभही आपल्यालाच जास्त!

दुसरे घड्याळ: चंद्राचे

आता बाजारातून बाहेर पडून नदीच्या कठड्याशी उभे राहा. समुद्र येथून सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. नदी समुद्राकडे वाहणार, हे तुम्ही गृहीत धरले असेल. पण नीट पाहा. पाण्यावर तरंगणारी काटकी समुद्राकडे न जाता शहराकडे येत असेल, तर दचकू नका. ही भरती आहे!

काठाने थोडे चालत गेले, की प्रवासी बोटींचे तरते धक्के लागतात. ते पोकळ असून पाण्याबरोबर वर-खाली होतात. काठाला ते पुलांनी जोडलेले आहेत. भरतीच्या वेळी हे पूल जवळजवळ आडवे असतात. ओहोटीच्या वेळी उतरण चांगलीच जाणवते. भरती-ओहोटीच्या पातळ्यांत येथे साडेतीन मीटरांहून अधिक फरक पडतो. एकावर एक दोन माणसे उभी राहावीत, एवढा!

समुद्रापासून १०० किलोमीटरांवर चंद्राचा हा प्रताप पोहोचतो कसा? चंद्र काही नदीचे पाणी येथे थेट ओढून उचलत नाही. समुद्रातील भरती नदीच्या मुखाशी येते आणि तेथून एक लाट बनून नदीत शिरते. ही लाट शेकडो किलोमीटर लांबीची असते. एवढ्या लांब लाटेच्या मानाने नदी उथळच म्हणायची. उथळ पाण्यातील लाटेचा वेग फक्त खोलीवर अवलंबून असतो:

वेग = √(गुरुत्व त्वरण × खोली)

खोली सोयीसाठी १० मीटर धरा. ९.८ × १० चे वर्गमूळ सुमारे ९.९. म्हणजे लाट सेकंदाला ९.९ मीटर, तासाला सुमारे ३६ किलोमीटर या वेगाने धावेल. १०० किलोमीटरांना वेळ लागेल पावणेतीन तास. प्रत्यक्षात मुखाजवळच्या कुक्सहाफेन बंदरात भरती पूर्ण झाल्यावर हँबर्गला ती साडेतीन ते चार तासांनी पूर्ण होते. तळाचे घर्षण, काठालगतचे उथळ पाणी आणि समोरून येणारा नदीचा प्रवाह यांमुळे हा उशीर होतो. एका वर्गमुळाने आपण उत्तराच्या इतक्या जवळ पोहोचलो, हे काही कमी नाही.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट कळते. लाटेच्या माथ्याशी पाणी खोल, पायथ्याशी उथळ. खोली १२ मीटर असेल, तर वेग ताशी ३९ किलोमीटर येतो. ८ मीटर असेल, तर ३२. म्हणजे माथा वेगाने पुढे सरकतो आणि पायथा मागे रेंगाळतो. परिणामी हँबर्गला पाणी चढायला सुमारे ५ तास पुरतात, पण उतरायला ७ तासांहून अधिक लागतात.

आता दोन्ही घड्याळांची गाठ घालू या. बाजार दर रविवारी ठरल्या वेळी भरतो. भरती मात्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर ३५० मिनिटे, म्हणजे ५ तास ५० मिनिटे होतो. दोन भरत्यांमधले अंतर असते १२ तास २५ मिनिटे आणि त्याचे निम्मे सव्वासहा तास. म्हणजे या रविवारी पहाटे पाचला भरती असेल, तर पुढच्या रविवारी पहाटे पाचला जवळजवळ ओहोटी असणार. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जवळजवळ भरती! बाजार आठवड्याने चालतो, तर नदी पंधरवड्याने.

शिडाच्या होडीला याचा अर्थ काय? भरतीच्या प्रवाहावर स्वार झाले, तर नदी वर चढणे सोपे. या रविवारी भरती होडीला नेमकी बाजार उघडताना काठाला लावील. पुढच्या रविवारी मात्र भरती गाठायची, तर शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारासच पोहोचावे लागेल. मग सहा-साडेसहा तास माशांनी वाट पाहायची. एक घड्याळ म्हणणार, "घाई करा". दुसरे म्हणणार, "थांबा". या दोहोंच्या ओढाताणीत कोळ्याचे पोट!

नदी बाजारात शिरते तेव्हा

एल्बकाठच्या मासळीबाजाराला बांधाचे संरक्षण नाही. पूर अडवणारी तटबंदी त्याच्या मागे आहे. बाजार आणि लिलावगृह तटबंदीबाहेर, नदीच्या बाजूला आहेत. नेहमीच्या भरतीपेक्षा पाणी दीड-दोन मीटर अधिक चढले, की ते बाजाराच्या रस्त्यावर येते आणि लिलावगृहातही शिरते.

एवढे पाणी येते कोठून? वायव्येकडून वादळ आले, की वारा उत्तर समुद्राचे पाणी जर्मनीच्या किनाऱ्याकडे ढकलतो. समुद्र खोल असेल, तर वरचे पाणी किनाऱ्याकडे सरकले तरी तळाकडून ते परत जाऊ शकते. येथे समुद्र उथळ असल्याने परतीची वाट अरुंद, त्यामुळे पाणी साचत जाते. शिवाय वादळात हवेचा दाब घटतो. दाब एक मिलिबारने कमी झाला, की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटीमीटरने वाढते. त्यातच किनारा नरसाळ्यासारखा निमुळता होत नदीच्या मुखाशी येतो. ही वादळी भरती आणि चंद्राची भरती एकाच वेळी आल्या, की संकट ओढवते.

१९६२ च्या फेब्रुवारीत १६ व १७ तारखांमधील रात्री हेच घडले. हँबर्गला नेहमीची भरती प्रमाण-पातळीच्या सुमारे २ मीटर वर येते. त्या रात्री पाणी ५.७० मीटरपर्यंत चढले. लोक झोपेत होते. ठिकठिकाणी बांध फुटले. नदीच्या शाखांनी वेढलेल्या विल्हेल्म्सबुर्ग या सखल वस्तीला सर्वांत मोठा तडाखा बसला. हँबर्गमध्ये ३१५ माणसे मृत्युमुखी पडली. समुद्रापासून इतक्या दूर राहतो, मग समुद्राची भीती कशाला, असे वाटणाऱ्या शहराने तो धडा फार मोठी किंमत देऊन शिकला.

त्यानंतर बांध ७.२० मीटरपर्यंत उंच करण्यात आले. ३ जानेवारी १९७६ रोजी पाणी ६.४५ मीटरवर गेले, म्हणजे १९६२ पेक्षा पाऊण मीटर अधिक. या वेळी शहराचे बांध टिकले.

घड्याळाची किल्ली माणसाच्या हाती

येथवर आपण भरतीला निसर्गाची देणगी मानले. पण एक आकडा पाहा. हँबर्गजवळ भरती-ओहोटीच्या पातळ्यांमधील फरक विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे २ मीटर होता. आज तो साडेतीन मीटरांहून अधिक आहे. चंद्र तर होता तेथेच आहे. मग बदलले काय?

बदलली ती नदी. हँबर्ग हे जर्मनीचे सर्वांत मोठे बंदर. मोठमोठी जहाजे आत यावीत, म्हणून नदीचा तळ पुन्हा पुन्हा खोदून खोल करण्यात आला. २०१९ मध्ये पुन्हा काम सुरू झाले. १३.५ मीटर खोल बुडणारी जहाजे केव्हाही आणि १४.५ मीटर बुडणारी जहाजे भरतीच्या लाटेवर आत यावीत, हा त्याचा हेतू. पात्र खोल झाले, की लाटेचे घर्षण कमी होते आणि तिची ऊर्जा वाटेत फारशी खर्च होत नाही. पूर्वी भरतीचे पाणी दोन्ही काठांच्या पाणथळ जमिनींवर पसरत असे. बांधांनी ती जागाही आवळली. शिवाय १९६० साली शहराच्या वरच्या अंगाला गेस्टहाख्ट येथे बंधारा बांधला गेला, आणि भरतीची लाट आता तेथेच अडते. कमी घर्षण, अरुंद जागा आणि समोर भिंत, मग पाणी उंच चढणार नाही तर काय?

या बदलाची झळ माशांनाही लागते. उन्हाळ्यात वरच्या उथळ नदीतून वाहत आलेली शेवाळी बंदराच्या खोल, अंधाऱ्या पाण्यात पोहोचते. प्रकाश नाही, म्हणून ती मरते, आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते. त्यातच गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर २० अंशांना सुमारे ९. कुजण्यामुळे तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की माशांचा जीव गुदमरू लागतो. स्टिंट नावाचा चिमुकला मासा या नदीत पूर्वी विपुल मिळे. अलीकडच्या वर्षांत त्याची संख्या फार घटली आहे.

बंदर चालले पाहिजे. हजारो कुटुंबांची भाकरी त्यावर आहे. पण नदी जेवढी खोल, तेवढी भरती दांडगी आणि मासा तेवढा अडचणीत, हा हिशेबही त्याच वहीत मांडावा लागतो. बंदर आणि नदी यांचा मेळ कसा घालावा, यावर हँबर्गमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू आहे, न्यायालयातही तो गेला आहे.

तुम्हीही करून पाहा

तुमचे गाव कोकणात किंवा गोव्यात खाडीकाठी असेल, तर चंद्राचे घड्याळ तुमच्या दारातच आहे. धक्क्याच्या भिंतीवर किंवा एखाद्या पक्क्या खांबावर दर दहा सेंटीमीटरला खूण करा. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन पंधरा दिवस रोज भरती पूर्ण होण्याची वेळ आणि पातळी नोंदवा. वेळ रोज किती पुढे सरकते? उधाण कोणत्या तिथीला येते आणि भांग कोणत्या? पाणी चढायला किती वेळ लागतो, उतरायला किती? खाडीच्या मुखाशी राहणारा एखादा मित्र हीच नोंद ठेवील, तर दोन वेळांमधील फरक आणि दोन ठिकाणांमधील अंतर यांवरून लाटेचा वेग काढा. मग सूत्र उलटे वापरून खाडीची सरासरी खोली मिळवा. एखाद्या जाणत्या तांडेलाला ती विचारा आणि तुमच्या उत्तराशी ताडून पाहा.

घाटावरच्या वाचकांनी निराश होऊ नये. त्यांच्यासाठी पहिले घड्याळ आहे. थोडा बर्फ फोडून आणि तेवढ्याच वजनाचा बर्फ अखंड ठेवून, एकाच आकाराच्या दोन पाण्याच्या बाटल्या त्यांत पुरा. कोणती लवकर गार होते, ते तापमापीने पाहा. मासळीवाले बर्फ नेहमी फोडूनच का घालतात, याचे उत्तर शिक्षकांना विचारण्याआधी तुम्हांलाच मिळेल.